परळ ते परळी : पुनर्वसनाच्या पदवीचा इतिहास आणि बीड जिल्हा

बीड जिल्ह्यात 'पुनर्वसन' हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर प्रथम धरण उभे राहते. जायकवाडीच्या फुगवट्याखाली किंवा माजलगावच्या जलाशयात गेलेली जमीन, मोजणीचे कागद, माळावर आखलेल्या सरळ गल्ल्यांचे नवे गावठाण. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शेजारच्या लातूर-उस्मानाबादमध्ये हाच शब्द शासकीय फलकांवर झळकला आणि मराठवाड्यात त्याचा अर्थ पक्का झाला : पुनर्वसन म्हणजे घर.

या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे. तो घराचा नसून शरीराचा आहे. अर्धांगवायूने लुळा पडलेला हात पुन्हा भाकरीपर्यंत कसा न्यायचा, गुडघ्याखाली कापलेल्या पायाला कृत्रिम पाय कसा बसवायचा, जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला भाषा कशी द्यायची, हे सारे त्या दुसऱ्या अर्थात येते. महाराष्ट्रात हे ज्ञान आज सार्वजनिक विद्यापीठाच्या पदवीचा विषय आहे. फिजिओथेरपी म्हणजे भौतिकोपचार, ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे व्यवसायोपचार, कृत्रिम अवयवशास्त्र, आणि श्रवण-वाचा विज्ञान या त्याच्या चार प्रमुख शाखा. त्या विद्यापीठापर्यंत कशा पोहोचल्या आणि बीडपासून इतकी वर्षे दूर का राहिल्या, याचा हा धागा.

आरंभ युद्धापासून करावा लागतो. १८९४ मध्ये लंडनमध्ये काही परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दनकार स्त्रियांची एक संस्था काढली. मसाज या नावाखाली चालणाऱ्या अन्य धंद्यांमुळे त्यांच्या कामाची बदनामी होत होती आणि प्रतिष्ठा हवी तर परीक्षा, नोंदणी आणि नियम हवेत, हे त्यांनी ओळखले होते. ब्रिटनमधील फिजिओथेरपीची व्यावसायिक संघटना याच बीजातून वाढली. म्हणजे या व्यवसायाच्या जन्मखुणेतच 'आम्हांला कोण समजता?' हा प्रश्न आहे. तो १३० वर्षांनंतरही मिटलेला नाही, हे पुढे दिसेल.

पहिल्या महायुद्धाने या शाखेला काम पुरवले. बंदुकीच्या गोळीने माणूस मरत असे. पण सुधारलेल्या शस्त्रक्रियेने वाचतही असे, आणि वाचलेल्याचे पुढे काय करायचे याची तजवीज कोणत्याही सैन्याकडे नव्हती. १९१७ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी अमेरिकेतील व्यवसायोपचाराची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी मुंबईत गव्हर्नरपत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने युद्धात अपंग झालेल्या भारतीय सैनिकांना हस्तव्यवसाय शिकवणारी क्वीन मेरी संस्था सुरू झाली. ती पुढे पुण्याजवळ खडकीला गेली आणि आजही तेथे आहे.

येथे बीडचा एक धागा हलकेच जुळतो. अंबाजोगाई म्हणजे निजामकाळातील मोमिनाबाद, हे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाचे ठाणे होते. १९०३ मध्ये ही कंटिन्जंट ब्रिटिश भारतीय सैन्यात विलीन झाली आणि तिच्या घोडदळाच्या परंपरेतील डेक्कन हॉर्स ही पलटण १९१६ मध्ये फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर भाले घेऊन उतरली. छावण्यांचा इतिहास लिहिताना लढायांची नावे येतात, परत आलेल्यांच्या काठ्या-कुबड्या येत नाहीत. इतिहासलेखनाची ही जुनी सवय आहे.

युद्धाखेरीज दुसरा उगम रोगात होता. १८९० मध्ये मुंबईत माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उघडले गेले. त्यामागे महापालिका आयुक्त हॅरी ॲकवर्थ होते. इतिहासप्रेमींना हे नाव वेगळ्या कारणासाठी ठाऊक असेल : शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह काढणारे ॲकवर्थ ते हेच. अफझलखानवधाचा पोवाडा छापील स्वरूपात जपणाऱ्या माणसाच्या नावाने आज वडाळ्याला कुष्ठरोग रुग्णालय आहे, ही मुंबईच्या इतिहासातील एक विलक्षण जोडणी. मात्र त्या काळी रोग्याला ठेवून घेणे एवढीच कल्पना होती. त्याचा वाकलेला पंजा सरळ करून त्याच्या हाती पुन्हा काम देणे ही कल्पना नंतरची. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या हातांवर स्नायुबंध-प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. स्नायूचे टोक नव्या जागी जोडले तरी मेंदूला ती नवी जागा ठाऊक नसते. ती शिकवावी लागते. रोज, तासन्‌तास, बोटागणिक. शल्यविशारद ते करत नाही. ते करणारा माणूस कोठून आणायचा, हा प्रश्न उभा राहिला.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले, तेही सैन्यासाठी. नागरी माणसाला, म्हणजे गिरणीत हात गमावलेल्या किंवा पोलिओ झालेल्या मुलाला, अजून दार नव्हते.

ते दार परळला उघडले.

परळचे के. ई. एम. रुग्णालय आणि त्याला जोडलेले शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये भारतीय डॉक्टरांनीच चालवायचे या निर्धाराने सुरू झाले होते. भोवती गिरणगाव. पट्ट्यात सापडलेली बोटे, साच्याखाली चिरडलेले तळवे हा तेथील नित्याचा अनुभव. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ मध्ये आला होता आणि त्याच्या परिशिष्टात अवयवागणिक टक्के लिहिले होते : इतके बोट गेले, कमाईची शक्ती इतकी घटली. काय गेले याचा हिशोब कायद्याने केला. काय उरले, आणि उरलेल्यातून काय करता येईल, हा हिशोब करणारी विद्या मात्र भारतात शिकवली जात नव्हती.

१९५० मध्ये के. ई. एम. मध्ये व्यवसायोपचाराची भारतातील पहिली शाळा सुरू झाली. ती काढणाऱ्या कमला निंबकर जन्माने एलिझाबेथ लंडी. जन्म १९०० चा, अमेरिकेतील न्यू जर्सीच्या क्वेकर कुटुंबातला. विष्णु निंबकर यांच्याशी विवाह करून त्या १९३०च्या सुमारास भारतात आल्या, नाव बदलले, मुंबईत शिक्षणक्षेत्रात काम केले आणि चाळिशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थिनी होऊन फिलाडेल्फियात व्यवसायोपचार शिकून परतल्या. वयाच्या पन्नाशीत त्यांनी एका नव्या विद्येची पहिली शाळा काढली. करिअर ठरवायला उशीर झाला असे वयाच्या बाविसाव्या वर्षी वाटणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचायला हरकत नाही.

'व्यवसायोपचार' या नावाने मराठीत आजही घोटाळा होतो. अनेकांना वाटते की रोग्याला नोकरी लावून देणारे हे खाते असावे. येथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर ज्या ज्या कृतींत गुंतलेला असतो त्या सर्व : बटण लावणे, वेणी घालणे, घास तोंडाशी नेणे, मुलाने पाटीवर अक्षर गिरवणे. कृती हेच औषध आणि कृती हेच मोजमाप. अमेरिकेत या शाखेने टोपल्या विणणे, सुतारकाम, मातीकाम यांचा उपयोग केला. १९५०च्या भारतात हातमाग आणि चरखा हे शब्द राजकीय अर्थाने भारलेले होते. हस्तव्यवसायाने राष्ट्र उभे राहते हे ऐकून वाढलेल्या पिढीला हस्तव्यवसायाने हात उभा राहतो हे पटवणे तुलनेने सोपे गेले असावे, असा तर्क करता येतो.

निंबकरांची दृष्टी शाळेपुरती मर्यादित नव्हती. व्यवसायोपचारकांची अखिल भारतीय संघटना त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली आणि १९५२ मध्ये जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक सदस्य असलेल्या मोजक्या दहा देशांत भारत होता. ज्या देशात ही विद्या शिकवणारी शाळा दोन वर्षांपूर्वी उघडली, तो देश ब्रिटन, अमेरिका, कॅनडाच्या पंगतीला बसला. कमला निंबकर १९७९ मध्ये वारल्या. त्यांचे चिरंजीव बी. व्ही. उर्फ बॉन निंबकर यांनी फलटणला शेती-संशोधन संस्था उभारली. सून जाई निंबकर या इरावती कर्वे यांच्या कन्या. फलटणच्या कमला निंबकर बालभवन या शाळेचे नाव अनेकांनी ऐकलेले असते. त्या नावामागे परळची ही शाळा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

भौतिकोपचाराची शाळा याच आवारात १९५२-५३ मध्ये सुरू झाली, मुंबई सरकार, महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त प्रयत्नाने. तातडीचे कारण पोलिओ. पोलिओ हा विचित्र न्यायाचा रोग आहे. तो मूल मारतो त्याहून किती तरी अधिक वेळा मूल ठेवतो आणि पाय नेतो. साथ ओसरते, पण तिचे काम पुढची साठ वर्षे चालू राहते.

मुंबईत या प्रश्नाला सरकारच्या आधी एक आई भिडली होती. फातेमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. उपचारांसाठी त्या मद्रासपर्यंत गेल्या, व्यायाम आणि मर्दन यांनी काय साध्य होते हे स्वतः पाहिले, आणि १९४७ मध्ये डॉ. ए. व्ही. बाळिगा यांच्या साहाय्याने मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी छोटे उपचारकेंद्र उघडले. देश स्वतंत्र होत होता, फाळणीच्या बातम्या येत होत्या, आणि चौपाटीजवळच्या एका खोलीत मुलांचे पाय रोज हलवले जात होते. त्यातून मुलांचे अस्थिरुग्णालय हाजी अलीला उभे राहिले. १९५५ मध्ये त्याच हाजी अलीच्या परिसरात अखिल भारतीय भौतिक वैद्यक आणि पुनर्वसन संस्था स्थापन झाली. फातेमा इस्माईल यांना पुढे पद्मश्री मिळाली, त्या राज्यसभेवर नामनिर्देशितही झाल्या. परंतु पाठ्यपुस्तकांत त्यांना ओळभरही जागा नाही.

अशा रीतीने १९५५ पर्यंत परळ ते हाजी अली या काही किलोमीटरच्या पट्ट्यात या विद्येची मुळे रुजली. साठच्या दशकात नायर रुग्णालयात श्रवण आणि वाचा शाखेचे शिक्षण सुरू झाले. मुंबईबाहेर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही या विद्यांची शाळा निघाली. प्रथम पदविका, मग पदवी, मग पदव्युत्तर. विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत महाराष्ट्रात हे सार्वजनिक शिक्षण मुख्यतः मुंबई आणि नागपूर या दोन शहरांच्या छायेत राहिले.

आता वाचकांनी १९५० चा नकाशा समोर घ्यावा. परळ मुंबई राज्यात आणि परळी हैदराबाद राज्यात. कमला निंबकर आपली शाळा उघडत होत्या तेव्हा बीड जिल्हा महाराष्ट्रात नव्हता, कारण महाराष्ट्रच नव्हता. तो मुंबई राज्यातही नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपून दोनच वर्षे झाली होती. बीडच्या मुलाला उच्च शिक्षणासाठी जे विद्यापीठ होते ते हैदराबादचे उस्मानिया, आणि तेथील शिक्षणाचे माध्यम दीर्घकाळ उर्दू होते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय त्याच वर्षीचे, मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे. म्हणजे मुंबईत पुनर्वसनाच्या तीन संस्था उभ्या राहिल्यानंतर बीड त्या राज्यात दाखल झाले. 'मागासलेपण' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. अनेकदा त्याचा अर्थ एवढाच असतो की संस्था वाटल्या जात होत्या तेव्हा हा जिल्हा दुसऱ्या कोणाच्या पंगतीत बसलेला होता.

हैदराबादचा एक धागा मात्र उलट्या दिशेने मुंबईला आला. उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले अली यावर जंग १९७०च्या दशकात महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. वांद्र्याची राष्ट्रीय श्रवण-अपंगत्व संस्था, जिची स्थापना १९८३ ची, त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

बीडला स्वतःची वैद्यकीय संस्था मिळाली ती अंबाजोगाईला. ज्यांचे नाव तिला दिले गेले ते स्वामी रामानंद तीर्थ तरुणपणी कामगारनेते ना. म. जोशी यांच्यासह काम करत होते. पुढे ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि १९३५ पासून अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिक्षक झाले, आणि तेथूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नेतृत्वापर्यंत पोहोचले. १९७२ मध्ये ते निवर्तले. त्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. या काळातच अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. आशियातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असे त्याचे वर्णन अभिमानाने केले जाते, आणि तो अभिमान रास्त आहे. जिल्ह्याच्या मुख्यालयीही नव्हे, एका तालुक्याच्या गावी एम. बी. बी. एस. शिकवायचे, हा निर्णय धाडसाचा होता.

परंतु 'ग्रामीण वैद्यक' या कल्पनेच्या मध्यभागी डॉक्टर होता. बाळंतपण, अतिसार, सर्पदंश, क्षयरोग : जीव वाचवणे हे पहिले काम, आणि ते समजण्यासारखे आहे. जीव वाचल्यानंतरचे काम त्या आराखड्यात मध्यवर्ती नव्हते. गाव वाचवायला डॉक्टर आणि शहर सावरायला थेरपिस्ट, अशी विभागणी कोणी जाणीवपूर्वक केली नाही, ती झाली. या साऱ्या कहाणीतील सर्वांत महागडी चूक शोधायची तर ती येथे आहे, असे म्हणावे लागते.

१९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि राज्यातील आरोग्यशिक्षण एका छत्राखाली आले. परळची जुनी शाळा, हाजी अलीची संस्था, नागपूरचे महाविद्यालय आणि एव्हाना ठिकठिकाणी निघालेली खासगी महाविद्यालये एकाच विद्यापीठाची परीक्षा देऊ लागली. भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार यांची पदवी चार वर्षांची, त्यावर सहा महिने आंतरवासिता. पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रिया, वैद्यकीय विद्यार्थ्यांसारखीच. मग शाखांचे स्वतःचे शास्त्र. भौतिकोपचाराचा विद्यार्थी कोनमापक हाती घेऊन गुडघा किती अंशांत वाकतो हे मोजायला शिकतो, स्नायूच्या शक्तीला शून्य ते पाच गुण द्यायला शिकतो. व्यवसायोपचाराचा विद्यार्थी तापवून मऊ केलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यातून रोग्याच्या हाताला बसेल असा आधार घडवतो. कृत्रिम अवयवशास्त्राच्या कार्यशाळेत प्लास्टर, करवत आणि भट्टी असते. तेथे शिकणारा अर्धा शास्त्रज्ञ आणि अर्धा सुतार असावा लागतो. २००२ मध्ये राज्याने भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार यांच्या परिषदेचा कायदा केला, म्हणजे लंडनच्या परिचारिकांनी १८९४ मध्ये मागितलेली नोंदवही महाराष्ट्रात कायद्याने मान्य झाली.

विद्यापीठ एक झाले, तरी नकाशा तोच राहिला. राज्यातील वैद्यकीय प्रवेशांत दीर्घकाळ ७०:३० चे सूत्र होते : महाविद्यालय ज्या विभागात, त्या विभागातील विद्यार्थ्यांना ७० टक्के जागा, उरलेल्या ३० टक्के साऱ्या राज्याला. वरवर पाहता हे संरक्षण आहे. पण ज्या विभागात महाविद्यालयेच कमी, त्याच्या वाट्याला ७० टक्क्यांतूनही कमीच येते, आणि समृद्ध विभागाच्या जागांवर त्याचा हक्क ३० टक्क्यांत स्पर्धा करण्याइतकाच उरतो. मराठवाड्याची ही तक्रार जुनी होती. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झाले. इतिहासात अन्याय नेहमी नकारातूनच होतो असे नाही. कधी तो टक्केवारीच्या समान भासणाऱ्या नियमातून होतो.

हा सारा प्रश्न बीडसाठी केवळ प्रवेशाचा असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, शिरूर, पाटोदा, केज या तालुक्यांतून गावेच्या गावे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसांची मोजणी अवजाराच्या नावाने होते, यातच पुष्कळ काही आले. कमरेत वाकून तोडणी, मोळी बांधणे, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणे, रात्री-अपरात्री भरणी, असे पाच-सहा महिने. कंबर, मणका, गुडघा, खांदा, मान : भौतिकोपचाराच्या पुस्तकाची अनुक्रमणिका या कामात जशीच्या तशी सापडते. परळच्या गिरणी कामगाराला निदान नुकसानभरपाईचे परिशिष्ट आणि पलीकडच्या रस्त्यावर के. ई. एम. होते. कोयत्याला कोपीवर परतायचे असते.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड स्त्रियांमधील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची राज्यभर चर्चा झाली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. शस्त्रक्रिया गरजेच्या होत्या का, कोणी सुचवल्या, यावर रास्तपणे वादळ उठले. त्या वादळात एक प्रश्न मागे पडला : ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे आणि ज्या पुढच्या हंगामात पुन्हा मोळी उचलणार आहेत, त्यांच्या ओटीपोटाच्या आणि कमरेच्या स्नायूंचे काय? त्यासाठी व्यायाम आहेत, ते शिकवणारी शाखा आहे, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तिचा भागही आहे.

ही विद्या गावाशी बोलू शकते का, अशी शंका कोणी काढील. तिचे उत्तर जयपूरने १९६०च्या दशकाच्या अखेरीस दिले आहे. पाश्चात्त्य कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी घडवलेला होता. भारतीय शेतकरी अनवाणी चिखलात उतरतो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो. कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा, बुटाविना चालणारा, घोट्यात वळणारा पाय घडवला. पदवी नसलेला कारागीर आणि पदवीधर वैद्य यांच्या त्या जोडीत नेमके कोणाचे श्रेय किती, यावर नंतर पुष्कळ बोलले गेले. परंतु मुद्दा असा की गरज पाहणाऱ्याला मांडी घालून बसणे ही 'क्रिया' दिसली आणि मोजपट्टी तिच्यासाठी बदलली. बीडमध्ये मोजपट्टी वाकून तोडणीची आणि फळीवर चढण्याची लागेल.

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८०च्या दशकात केंद्राने काही निवडक जिल्ह्यांत पुनर्वसन केंद्रांचा प्रयोग केला. महाराष्ट्रातील त्याचे ठिकाण विरार होते, पुन्हा मुंबईच्या उंबरठ्यावर. १९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सात प्रकारची अपंगत्वे मान्य केली, २०१६ च्या कायद्याने २१. त्या कायद्याखालचे बहुतेक लाभ ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असतात. त्यामुळे ग्रामीण भागातील दिव्यांग माणसाची आरोग्यव्यवस्थेशी गाठ बहुधा प्रमाणपत्राच्या रांगेत पडते. तेथे पुन्हा १९२३ चीच रीत : काय गेले, किती टक्के गेले. २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला आणि त्याबरोबर जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची कल्पना आली. या केंद्रांच्या रचनेत भौतिकोपचारक, श्रवणतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक ही पदे डॉक्टरांच्या शेजारी लिहिलेली आहेत. जिल्हा रुग्णालयाच्या कागदावर थेरपिस्ट असा स्पष्टपणे उमटणे ही लहान घटना नव्हती.

जगाचा आकडाही येथे नोंदवावा. २०१९ मध्ये जगातील सुमारे २४१ कोटी लोकांना, म्हणजे दर तिघांत एकाला, पुनर्वसनाचा लाभ होऊ शकेल अशी आरोग्यस्थिती होती, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने झालेल्या अभ्यासाने मांडला. पुनर्वसन म्हणजे 'अपंगांसाठीचे काही तरी' ही समजूत त्या आकड्यासमोर टिकत नाही. त्यात पाठदुखी आहे, पक्षाघात आहे, मोडलेला खुबा आहे; त्यात प्रत्येक घरातील आजी आहे.

२०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि फिजिओथेरपीसह अनेक शाखा प्रथमच एका राष्ट्रीय चौकटीत आल्या. पाठोपाठ जुना प्रश्न नव्या पोशाखात परतला. फिजिओथेरपिस्टने नावाआधी 'डॉ.' लावावे काय? सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने लावू नये असे पत्र काढले आणि लगेच ते मागे घेतले. १८९४ च्या लंडनमधील त्या परिचारिकांना हा वाद अगदी ओळखीचा वाटला असता. दोन अक्षरांवरून देशभर जितके लिहिले गेले, तितके थेरपिस्ट कोणत्या जिल्ह्यात किती आहेत यावर लिहिले गेले नाही.

आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात फिजिओथेरपीची आंतरवासिता सहा महिन्यांवरून एक वर्षाची केली आहे. डॉक्टरांच्या आंतरवासितेत ग्रामीण केंद्रांवरील सेवा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. अंबाजोगाईचे महाविद्यालय त्याच विचाराचे अपत्य. थेरपिस्टच्या त्या वाढीव सहा महिन्यांतील किती आठवडे परळच्या बाह्यरुग्ण विभागात जातील आणि किती धारूरच्या ग्रामीण रुग्णालयात, हे आता विद्यापीठ आणि राज्य शासन ठरवणार आहे. ऊसतोडीचा हंगाम साधारण मार्च-एप्रिलमध्ये संपतो आणि कोयते गावी परततात. वेळापत्रक आखणाऱ्यांना एवढी एक तारीख माहीत असली तरी पुष्कळ होईल.